झाकणावरचा पाटा

दुपारी दोन वाजता दिल्लीत, द्वारकेतल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं कुलूप उघडलं. नऊ वर्षांची इशिता शाळेतून आली होती. आत येऊन तिनं जाळीच्या दारातून हात बाहेर घातला, कुलूप पुन्हा लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

"जरा खाली पार्कपर्यंत जाऊन येतो गं," राजाभाऊ म्हणाले.

"आजोबा, प्लीज. बाबांनी प्रॉमिस घेतलंय."

मागच्या महिन्यात राजाभाऊ भाजीला गेले आणि एकसारख्या इमारतींमध्ये तीन तास हरवले. तेव्हापासून मुलगा आणि सून ऑफिसला जाताना त्यांना कुलपात ठेवून जातात. काळजीपोटीच हो, पण कुलूप ते कुलूपच. दिवसभर ते बाल्कनीतून खालची माणसं बघत बसतात.

इशितानं वही काढली. "ऑक्टोपसवर दहा ओळी लिहायच्यात. तुम्हाला येतं?"

येतं म्हणजे? राजाभाऊंची तीस वर्षं कोकणात, मत्स्य संशोधनात गेली होती.

"आमच्याकडे होता एक. अंगात हाड नाही, बोटभर फट पुरे. टाकीचं झाकण उचलायचा, शेजारच्या टाकीतला खेकडा फस्त करायचा आणि साळसूदासारखा परत येऊन बसायचा."

"सच्ची?"

"बिल्कुल. माणसंही ओळखायचा. मी दिसलो की काचेशी यायचा. आमच्या साहेबांवर मात्र नेम धरून पाणी उडवायचा."

इशिता खुदकन हसली. "मग?"

"मग आम्ही झाकणावर वीट ठेवली. आठवड्याभरात तीही सरकवायला शिकला. समुद्र वीस पावलांवर होता गं. खिडकीतून दिसायचा."

"मग सोडलंत त्याला?"

राजाभाऊंनी दाराच्या कुलपाकडे पाहिलं.

"नाही. घरून पाटा नेला आणि ठेवला झाकणावर."

"एवढा हुशार होता तरी?"

"हुशार होता म्हणूनच."

इतक्या वर्षांत वाटली नव्हती ती लाज राजाभाऊंना आज नातीसमोर वाटली. त्यांनी मान खाली घातली.

इशितानं वही मिटली. त्यांच्या तळहातावर पेनानं घराचा नंबर लिहिला आणि गळ्यातली किल्ली काढून दिली.

पाच मिनिटांनी इंटरकॉम वाजला. गेटवरचा चौकीदार होता.

"बेटा, बाबूजी नीचे आए हैं. साहब ने अकेले भेजने को मना किया है. किससे पूछकर जा रहे हैं?"

संध्याकाळी बाबा काय बोलणार ते इशिताला आत्ताच ऐकू येत होतं.

"मुझसे," ती म्हणाली.

"तो रजिस्टर में किसका नाम लिखूँ?"

"मेरा लिखो. इशिता हरीश पेंडसे. फोर्थ बी."