बारांतला एक राहिला

"आधी बटण दाबलं की आत. आता दाबून चष्मा पुसून होतो, तरी मी दारातच!" फोनवर आत्या करवादली.

"मीच केलंय ते," थोरला भाचा म्हणाला. "पासवर्ड तपासायला मुद्दाम वेळ लावलाय. चोराला जड जावं म्हणून."

"चोर नेणार काय रे? आपले फोटो? निम्म्यांना टक्कल पडलंय."

तो हसला नाही. कुटुंबाची ती वेबसाइट त्यानंच बांधलेली, बारा जणांची. पासवर्ड तसाच्या तसा ठेवत नाहीत, दळून ठेवतात. पिठातून दाणे परत मिळत नाहीत. जुनं दळण जाडंभरडं होतं, म्हणून सहा महिन्यांपूर्वी त्यानं स्वतःची बारीक पद्धत बसवली. पण नव्यानं दळायला दाणे हवेत. ज्यानं त्यानं एकदा दाराशी येऊन आपला पासवर्ड टाकायचा, की त्याचं काम झालं. अकरा जणांचं झालं होतं, एक राहिला होता. तेही त्यानं आत्याला सांगितलं.

"धाकट्या भावाला फोन कर," आत्या म्हणाली.

"मी का करू? आईच्या दुखण्यात तोंडाला येईल ते बोलला मला. सहा महिन्यांत इकडे फिरकला नाही. राहिलेला एक तोच."

"नाव बघितलंस?"

"बघायचंय काय त्यात?"

आत्यानं फोन ठेवला. आठवडाभरात त्याला आलेला हा एकच फोन. खोलीत पंखा तेवढा फिरत होता, आणि त्याला फार एकटं वाटलं.

जुनी पद्धत तो आज खोडणार होता. खोडली की राहिलेल्याला दार बंद. बंद तर बंद, गेला उडत! पण हात काही पुढे होईना. शेवटी त्यानं यादी उघडली.

राहिलेलं नाव त्याचं स्वतःचं होतं.

साइट बांधल्यापासून तो कधी लॉगआउटच झाला नव्हता. बाहेर पडलाच नाही, तर दाराशी येणार कुठून? धाकट्याच्या नावापुढे बदलाची तारीख नव्या पद्धतीच्या पहिल्याच दिवसाची होती. शेवटचं येणं, आज सकाळी.

तो लॉगआउट झाला. पासवर्ड टाकला. चूक. दुसरा टाकला. तोही चूक. नवा पासवर्ड करून घेणं त्याच्या हातचा मळ होता. पण इतरांना नवा पासवर्ड द्यायचा अधिकार त्यानं आणखी एकालाच देऊन ठेवला होता. त्यानं धाकट्याला फोन लावला.

"मी बोलतोय. पासवर्ड विसरलो रे. मला आत घेशील?"



"दादा, तू बाहेर कधी होतास?" धाकटा म्हणाला. "मी रोज सकाळी येतो. तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका रोज चालू. मला वाटायचं, आत बसलायस आणि माझ्याशी बोलत नाहीस."