शेळीचे पैसे

गावात पहिला बचत गट निघाला, तेव्हा शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या. त्यांनी बायकांसोबत नवऱ्यांनाही देवळात बसवलं आणि विचारलं, "घरात पैसे कुठं लपवता?"

"आमच्याकडं कुठलं आलंय पैसं?" आम्ही जुन्या बायका म्हणालो. सासवांनी तेवढं शिकवलं होतं.

नवी नांदायला आलेली छबू मात्र उभी राहिली. "मी बाजरीच्या कणगीत ठेवते. शेळी घ्यायचीय."

मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तिच्या नवऱ्यानंही वाजवल्या.

महिन्यानं मॅडम परत आल्या. छबू रडत म्हणाली, "कणगीतलं समदं पैसं ह्यांनी काढून नेलं, मॅडम."

मॅडमचा चेहरा खुलला. "बघा, म्हणून बँकेत ठेवायचे. उद्या डिंगोरे गावच्या गटात तुझंच उदाहरण देते हं."