हंपी, पेननं

डॉक्टर बोलायला लागायच्या आतच वृषालीनं प्लॅनर मांडीवर उघडून पेन्सिल हातात घेतली होती.

तिचा नियमच होता तसा. लेकीचे क्लास, मुलाच्या दातांची तार, पालकसभा हे सगळं पेननं लिहायचं. ‘हंपी, फक्त आपण दोघं’ एवढं मात्र पेन्सिलीनं, म्हणजे मुलांचं काही निघालं की खोडून पुढच्या महिन्यात ढकलता यायचं. नवरा चिडवायचा, “हंपी दिसायच्या आत तुझं खोडरबर संपणार बघ!” वर्षभरापासून त्याच्या केमोच्या तारखाही पेन्सिलीनंच होत्या. रक्तातल्या पेशी कमी आल्या की त्याही पुढे जायच्या.

“पुढची तारीख कुठली धरू, डॉक्टर?”

डॉक्टरांनी फाईल मिटली. “आता केमो नको. घरी घेऊन जा यांना. आवडीचं खाऊ घाला, हवं ते करू द्या.”

“सुटलो बुवा!” शेजारच्या खुर्चीतला नवरा कितीतरी दिवसांनी मोकळं हसला. “मग या शनिवारीच निघू या का गं हंपीला?”

शनिवारी पालकसभा होती. पेननं लिहिलेलं वृषालीनं आजवर कधीच खोडलं नव्हतं. तिनं पेन्सिल पर्समध्ये टाकली, पेन काढलं, पालकसभेवर रेघ मारली आणि तिच्याखाली सावकाश लिहिलं, ‘हंपी’.

“पेननं?” त्यानं विचारलं.

ती मान वर करीना. त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. डॉक्टर काय म्हणाले, ते त्याला आत्ता कळलं होतं.