टेबलावर ठेवलेलं बाळ

भोपळा दुसऱ्यांदा विकला गेला आणि घेणाऱ्याने तो पुन्हा टेबलावर आणून ठेवला. कापणीच्या सणाची ही रीतच. घरचं पीक चर्चमध्ये आणायचं, बोली लावून घ्यायचं, आणि मन मोठं असेल तर परत टेबलावर ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याला बोली लावता येते. बिरवाडीच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये एकेक भोपळा दुपारपर्यंत पुरायचा. आलेला सगळा पैसा परदेशच्या सेवेला, म्हणजे तिकडच्या मिशनच्या कामाला जायचा.

विनीत भिंतीला टेकून उभा होता. भोपळ्यानंतर कोंबडा आणि कोंबड्यानंतर तो. कुठं तोंड लपवावं, त्याला सुचेना.

तो तान्हा होता, बाप नुकताच वारला होता, तेव्हा त्याची आई आवडीबाई ह्याच सणाला रिकाम्या हाताने आली होती. शेत नाही, परसात साधा वेल नाही. काय देणार ती? तिनं पोरालाच नाचणीच्या टोपलीशेजारी टेबलावर ठेवलं! "परदेशच्या सेवेला माझ्याकडून एवढंच," म्हणाली. बायका रडल्या. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी बाळाला उचललं नि म्हणाले, "याची बोली कोण लावणार? हा प्रभूचा." झालं! तेव्हापासून विनीत प्रभूचा. गणितात नापास झाला तरी प्रभूचा, मिसरूड फुटलं तरी प्रभूचा.

इतकी वर्षं ते चेष्टेवारी चाललं. यंदा मलावीहून निरोप आला. तिथल्या मिशनच्या वसतिगृहात पोरांचं स्वयंपाकघर सांभाळायला माणूस हवं होतं. दोन वर्षं, बिनपगारी, सेवा म्हणून. मंडळीने एका तोंडाने विनीतचं नाव घेतलं. त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय त्यात? तो तर टेबलावर ठेवलेला.

विनीतला जायचं नव्हतं. कारखान्यात तो नुकताच कायम झाला होता. पोलादपूरची अक्षदा त्याच्यासाठी अडून बसली होती, पण तिचे वडील दोन वर्षं थांबणाऱ्यांतले नव्हते. आईला हे सांगायचं कसं? मंडळीत तिला जो मान होता, तो त्या एका गोष्टीचा. आपण नाही म्हटलं की त्या माउलीचा सगळा जन्म खोटा पडणार. शब्द ओठांवर यायचा नि परत पोटात जायचा.

आणि आईला तर नुसतं उधाण आलेलं! कारखान्याच्या कँटीनमध्ये तिचा जन्म गेलेला. मलावीत मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात असं कळलं मात्र, तिनं रोज तेच शिजवायला घेतलं. "गुठळी होता कामा नाय रे," म्हणत तोच गोळा सकाळ-संध्याकाळ त्याच्या ताटात. पासपोर्टसाठी तो मुंबईला निघाला, तर ही सोबत. "आलेच हाय तर माझा पण काढून टाक," म्हणाली. आपल्याला भेटायला यायचं असेल, असं समजून त्याने तोही काढला. तिचा उत्साह बघून त्याला नाही म्हणणं आणखीच कठीण व्हायचं.

कोंबडा विकला गेला. आता विनीतला सेवेसाठी सोपवायचं होतं.

"विनीत, पुढे ये," पाळकसाहेब म्हणाले.

तो टेबलापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाळकसाहेब हसत म्हणाले, "त्या वर्षी याला बोली लागली नव्हती. आता आहे का कोणी?"

सगळं चर्च खदाखदा हसलं.

"मी हाय," बायकांच्या बाजूने आवाज आला.

आवडीबाई उठली होती. ती पदर खोचून पुढे आली, पिशवीतून तिनं आपला पासपोर्ट काढला आणि भोपळ्याशेजारी ठेवला.

"ह्याला घरी नेते. बदल्यात मला घ्या."

"आवडीबाई, अहो, हे काय..."

"साहेब, जायचं मलाच होतं. लगीन व्हायच्या आधीपासून. पण ह्याचा बाप गेला तवा हा अंगावर पिणारा, मला कोण पाठवणार? म्हणून माझ्या जागी ह्याला ठेवला. इतक्या वर्सांत मला कोणी विचारलंच नाय हो!"

चर्चमध्ये कोणी हसलं नाही. विनीत आईकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत होती. हा नको म्हणतो की काय, ह्या भीतीने तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. तिच्याही पोटात शब्द अडकला होता, त्याच्यापेक्षा किती तरी जुना.

"एक वार," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "दोन वार."

ते थांबले आणि त्यांनी विनीतकडे पाहिलं.

विनीतने आईचा पासपोर्ट उचलून त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"तीन वार!" तो म्हणाला. "पण आई, गुठळी राहते हां अजून."