एकोणिसावा दिवस

एकोणिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी घोड्याचा ताप पाहिला आणि तक्त्यावर लिहिला. नेहमीसारखाच. रक्ताचे दोन्ही अहवाल स्वच्छ, नाक कोरडं, खाणं दणकून. ‘रोगाचा धोका’ या रकान्यात त्यांनी ‘नगण्य’ असं लिहिलं. खोटं लिहायचा मोह झाला नाही असं नाही, पण कागदाशी बेइमानी त्यांना जमत नव्हती.

परदेशातून आलेला घोडा एकवीस दिवस वेगळा ठेवायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची निगा राखणारा मोतद्दारही आतच राहायचा, असा नियम.

“दोनच दिवस राहिले, बाई,” मोतद्दार खरारा करत म्हणाला. “लेक बाळंतपणाला आलीय. नातवंडाच्या आधी मी घरी.”

तेवढ्यात दारातल्या जमिनीवरच्या तांबड्या पट्ट्याबाहेर घोड्याचे मालक येऊन उभे राहिले. तेविसाव्या दिवशी मोठी शर्यत होती आणि त्यांना धीर नव्हता.

“आजच सोडा की, बाई. दोन दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?”

वीस वर्षांपूर्वी याच माणसानं हेच वाक्य इथल्या तेव्हाच्या साहेबांना ऐकवलं होतं आणि आपला घोडा दोन दिवस आधी बाहेर काढला होता. रोग शेजारच्या तबेल्यात पोचला. तो तबेला बाईंच्या वडिलांचा. अकरा घोडी मारावी लागली. प्रत्येकाला सुई देताना दोर वडिलांनी स्वतः धरला होता. मालकांना यातलं काही आठवत नव्हतं. बाईंना अकराही नावं तोंडपाठ होती.

“नियम आहे,” बाई म्हणाल्या.

“नियम काय, माणसांनीच केलेले असतात!” मालक हसले आणि सरळ पट्टा ओलांडून आत शिरले. त्यांच्या कोटाच्या बाहीला घरच्या तबेल्यातल्या घोड्यांचे केस चिकटले होते. अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय आत यायचं नाही, कुणी आलंच तर दिवस पुन्हा पहिल्यापासून, असं वीतभर अक्षरांत त्यांच्या डोक्यावरच्या पाटीवरच लिहिलेलं होतं.

एक हाक पुरली असती. बाई मूग गिळून उभ्या राहिल्या. पट्ट्यापासून घोड्यापर्यंत सात पावलं होती. त्यांनी सातही मोजली.

मालकांनी घोड्याच्या नाकावरून हात फिरवला. बाईंनी तक्त्यावरचा एकोणीस खोडला आणि तिथं एक लिहिला.

“हे काय?”

“आज पहिला दिवस.”

“वेड लागलंय का? शर्यत आहे!”

“होईल की, तुमच्या घोड्याशिवाय. काय आभाळ कोसळणार आहे?”

मालकांनी आरडाओरडा केला, वरच्या ओळखी काढल्या, मग भिंतीवरचा कॅमेरा दिसल्यावर पाय आपटत निघून गेले. बाईंच्या जिवाला वीस वर्षांनी थंड वाटलं.

“बाई,” मोतद्दार हळूच म्हणाला, “तुम्ही हाक मारली असतीत तर थांबले असते ते.”

बाईंनी घरी फोन लावला.

“बाबा, त्याचा घोडा अडकवला मी. शर्यत गेली त्याची.”

बाई ‘शाबास’ची वाट पाहत राहिल्या.

“घोडं बरं आहे ना?”

“ठणठणीत.”

“आणि त्याच्याबरोबर आत कोण आहे?”

बाईंनी वळून पाहिलं. घरी जायचं म्हणून कालच भरून ठेवलेली पिशवी मोतद्दारानं उघडली होती आणि धुतलेला सदरा तो परत खुंटीला अडकवत होता.