सहावा भाग

“सहाव्या भागात ह्यानं सगळं घालवलं,” पलंगावर लोळत वाचणारी संस्कृती म्हणाली.

चौसाळ्यात कापडदुकानाच्या वरच्या खोलीत या मायलेकी ‘वलयनगरी’ मालिकेचा नवा भाग आला की दुसरं काही बोलत नसत. आधी लेक वाचायची, मग वर्षाराणी.

“कावून? काय झालं?”

“तिसऱ्या भागापर्यंत ग्रहांची भांडणं किती रंगली होती. आता नुसतं लांबण लावलंय. आन् ही एक नवीन राणी. तान्ही पोरगी शेजारणीकडं टाकून ही बाई यानतळावर जाते. दिवसभर बाकावर बसून यानं बघते. एकाच्या पायरीवर पाय ठेवते आन् मागं घेते. संध्याकाळी भाजी घेऊन घरी. नवऱ्याला सांगते, बाजारात गर्दी होती.”

वर्षाराणी साडीची घडी घालत होती. तिचे हात थांबले.

गेवराईच्या बसस्टँडवरचा तो बाक सिद्धारामला, तिच्या नवऱ्याला, माहीत नव्हता. तिच्या आईलाही नाही. तिनं तो सांगितला होता एकाच माणसाला. पाचव्या भागावर तिनं पाठवलेलं मत वाचून लेखक धर्मराज सरांनी आपणहून फोन केला होता. मग अधूनमधून बोलणं होऊ लागलं. इतकं मन लावून तिचं कुणी ऐकलंच नव्हतं. एका दुपारी ती बोलून गेली. सर म्हणाले होते, “ताई, हे माझ्यापाशीच राहील.”

पायरीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती.

“असली आई असती कुठं?” संस्कृती म्हणाली. “लई खोटं वाटतं. त्याच्यापरीस पहिल्या भागातले राक्षस बरे होते.”

तेवढ्यात पलंगावरचा वर्षाराणीचा फोन वाजला. नाव बघून संस्कृतीचा चेहरा खुलला. आईनं हात पुढे करेपर्यंत तिनं फोन उचलून स्पीकरवर टाकलाही.

“सर, मी त्यांची मुलगी. मला तुमच्याशी भांडायचंय. ते राणीचं प्रकरण अजिबात पटलं नाही. असं कुणी करत नाही.”

धर्मराज सर मनापासून हसले. “अगं, त्या पुस्तकात तेवढंच तर खरं आहे. सगळे वाचक त्याच प्रकरणाबद्दल बोलतायत. ताई आहेत का जवळ? ताई, रागावला नाहीत ना? आपण नाव, गाव, ग्रह, सगळं बदललंय. आता सातव्या भागासाठी असंच काहीतरी...”

वर्षाराणीनं फोन घेऊन बंद केला.

खाली सिद्धाराम कुणा गिऱ्हाइकाला रंग पक्का असल्याचं समजावत होता. त्याचा शब्द न् शब्द वर ऐकू येत होता. संस्कृती उठून बसली. तिनं उघड्या पानाकडं पाहिलं, मग आईकडं.

“मी केवढी होते?” तिनं हळूच विचारलं.

वर्षाराणीनं अर्धवट साडी मांडीवर ओढून घेतली.

“रांगत न्हवतीस अजून.”