पत्र्याखालचं पाणी

स्फोटकांच्या कारखान्याचं सांडपाणी टाकीत नितळ दिसायचं, पण ऊन लागलं की लालभडक व्हायचं. फिल्टरमधला कोळसा निकामी झालाय, तो बदला, असं प्रयोगशाळेतल्या ताई मॅनेजरला कान किटेपर्यंत सांगत होत्या. पठ्ठ्याने कोळसा बदलला नाही. टाकीवर पत्रे ठोकून बंद शेड करून घेतली.

"ऊनच लागलं नाही, तर लाल होईलच कसं?" टाकीपाशी उभा राहून तो हसला.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि खालच्या वस्तीत गेल्यावर? तिथे काय घराघरांवर पत्रे ठोकणार?"

"ताई, उगाच राईचा पर्वत करू नका."

पत्र्याखाली उकडत होतं. त्याने पांढऱ्या रुमालाने कपाळाचा घाम टिपला. रुमाल ओला झाला, पण पांढराच राहिला. मग रुमाल वाळवायला तो बाहेर उन्हात गेला.

ताई दारातच थबकल्या. त्याच्या हातातला रुमाल कडेपासून लाल होत होता. मग शर्टाची कॉलर लाल झाली. मग पाठीवरचा ओला डाग.

"काय बघताय एवढं?" म्हणत तो वळला. कपाळावर घामाचे ताजे थेंब होते, अजून पाण्यासारखे स्वच्छ. एकेक लाल होऊ लागला.

"साहेब," ताई म्हणाल्या, "आता पत्रे कुठे ठोकायचे?"